किसिमीला परत मिळालेली वळणं

फ्लोरिडाच्या मधोमध वाहणारी किसिमी नदी मुळात घाईची नव्हतीच. उत्तरेकडच्या सरोवरांतून निघून दक्षिणेच्या ओकीचोबी सरोवरात पोचायला ती १६६ किलोमीटर वळणं घेत जाई. पावसाळ्यात पात्र सोडून दोन-तीन किलोमीटरच्या सखल पट्ट्यात पसरे आणि महिनोन्महिने तिथेच रेंगाळे. बदकं, शराटी, बगळे, बास मासे, सगळ्यांचं पोट या रेंगाळण्यावर चालत असे.

१९४७ च्या वादळांनी फ्लोरिडाचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि पूरनियंत्रणाच्या मागणीने जोर धरला. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने नदी सरळ केली. उरला तो ९० किलोमीटरचा कालवा, नऊ मीटर खोल आणि जवळपास शंभर मीटर रुंद. त्याचं नावही सरकारी, सी-३८. पूर आटोक्यात आले, पण पाणथळ जमीन वाळून गुरांची कुरणं झाली आणि हिवाळ्यातले पाणपक्षी नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. तुटून बाजूला पडलेल्या वळणांत पाणी हलेना. तळाशी कुजका गाळ साचला, प्राणवायू घटला आणि बास मासे दुर्मीळ झाले. कुरणांवर मात्र गायबगळे वाढले. नदीकाठ कोरडा पडल्याची याहून बोलकी खूण शोधावी लागत नाही.

कालवा पुरा होतो न होतो तोच तो बुजवा, अशी मागणी सुरू झाली. १९८० च्या दशकात कालव्यात बांध घालून थोडं पाणी जुन्या वळणांत सोडून पाहिलं गेलं. १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसची मंजुरी मिळाली आणि १९९९ मध्ये मोठं काम सुरू झालं.

कामाची रीत साधी होती. खोदाईची माती काठावर ढिगाऱ्यांत पडून होती, तीच पुन्हा कालव्यात लोटली. ढिगाऱ्यांखाली गाडली गेलेली वळणं नव्याने कोरली. पाणी अडवणारे दोन मोठे दरवाजे काढून टाकले. २०२१ पर्यंत ३५ किलोमीटर कालवा बुजला आणि सुमारे ७० किलोमीटर नदी वाहती झाली.

प्रवाह आला तसा तळाचा कुजका गाळ वाहून गेला आणि खालची वाळू उघडी पडली. वळणांच्या आतल्या बाजूला वाळूचे दांडे तयार झाले, त्यांवर चिखलपक्षी उतरू लागले. पाण्यात प्राणवायू वाढला, कुरणांच्या जागी पाणवनस्पती आल्या, बदकं परतली. आता पांढरे शराटी आणि बगळे गायबगळ्यांना मागे टाकतात.

या सगळ्याला केंद्र आणि राज्याने मिळून जवळपास शंभर कोटी डॉलर मोजले. खोदाईचा खर्च याच्या पासंगालाही पुरत नाही. शंभर कोटींतला मोठा वाटा जमीन विकत घेण्यात गेला, आणि प्रकल्पाचं खरं बळ तिथेच आहे. पसरायला हक्काची जागा नसती, तर माती कितीही लोटली तरी नदी पुन्हा दोन काठांतच कोंडली गेली असती.

तरीही सगळी नदी सुटलेली नाही. वरच्या आणि खालच्या टप्प्यांत वस्ती आणि शेती वाचवण्यासाठी कालवा ठेवावा लागला आहे. मधल्या टप्प्याला किती पाणी मिळायचं हे उत्तरेकडच्या सरोवरांचे दरवाजे ठरवतात. तिथे पाणी जास्त साठवून ते ऋतूप्रमाणे सावकाश सोडायचं, असं वेळापत्रक आखलं आहे. त्यासाठी सरोवरांकाठच्या जमिनीही घ्याव्या लागल्या, कारण पाण्याची पातळी वाढली की त्या बुडणार होत्या.