कोंबडी कापणाऱ्या हातांची काळजी

खुराड्यातली कोंबडी सकाळपासून पंख पाडून बसली आहे, दाणा टिपत नाही. घरात लगेच विषय निघतो, ‘मरायच्या आत कापून घेऊ, वाया कशाला घालवायची?’ गावरान कोंबडी हा गरिबाघरचा अडीअडचणीचा पैसा, म्हणून जीव तुटतो. पण अशी कोंबडी कापणे सर्वांत धोक्याचे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे समाजाला बजावले. आपल्या आजी-पणजींनी ते ऐकले. तो प्रश्न स्वाभिमानाचा होता. आजारी किंवा मेलेल्या कोंबडीच्या बाबतीत तो आरोग्याचाही आहे.

शिजवल्याने कोण वाचते?

देशात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात तो पुन्हा आढळला. माणसाला तो क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. ‘नीट शिजवले की काही होत नाही’ हे खरे, पण अर्धेच. शिजवल्याने खाणारा वाचतो. कापणाऱ्याचे, पिसे काढणाऱ्याचे हात त्याआधीच रक्ताला, विष्ठेला लागलेले असतात. बहुतेक घरांत ते हात बाईचे असतात.

कोंबडी मानमोडीने आजारी आहे की बर्ड फ्लूने, हे नुसते बघून ओळखता येत नाही. म्हणून आजारी कोंबडी कापू नका, स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या तर उघड्या हाताने उचलू नका, ओढ्यात टाकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवा. बर्ड फ्लूच्या साथीत सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लपवण्यात आपलेच नुकसान आहे.

निरोगी कोंबडी कापताना

मांस खावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. खाणार असाल तर एवढे सांभाळा. धडधाकट कोंबडीच्या आतड्यातही साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जुलाब लावणारे जंतू असू शकतात.

• आदल्या रात्री दाणा देऊ नका, फक्त पाणी द्या. आतडी रिकामी राहतात.
• आतडी आणि पित्ताची पिशवी न फोडता काढा. आतडे फुटून घाण लागली तर तेवढा भाग कापून टाका.
• मांस नळाखाली धुऊ नका. शिंतोडे भांड्यांवर, पिण्याच्या पाण्यावर उडतात. धुवायचेच तर पातेल्यात हळू बुडवून धुवा आणि ते पाणी लांब ओता.
• पाथर्डी-शेवगावकडची माणसे ऊसतोडीला गेली की खोपीवर विळी एकच आणि पाणी मोजके. तिथे कामाचा क्रम बदला. कांदा, कोथिंबीर आधी चिरून झाकून ठेवा, कोंबडी शेवटी कापा. मग विळी, पाट आणि हात साबणाने धुवा. नुसते पाणी पुरत नाही.
• हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या. लहान मुलांना दूर ठेवा.
• पिसे, आतडी खड्ड्यात पुरा. उघड्यावर टाकली की कुत्री आणि माश्या तीच घाण पुन्हा दारात आणतात.

चुलीवर

निखाऱ्यावर काळीज भाजून पोरांच्या हातावर ठेवायची आपल्याकडे सवय आहे. ते वरून करपते, आत कच्चे राहते. मुलांना कालवणात पूर्ण शिजलेलेच द्या. हाडाजवळ गुलाबीपणा दिसता कामा नये. उरलेले कालवण उन्हाळ्यात दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. फ्रीज नसेल तर तेवढेच शिजवा जेवढे संपेल.

जुलाब लागले तर ओआरएस सुरू करा. शौचात रक्त पडले, ताप आला किंवा मूल मलूल झाले तर दवाखाना गाठा. आजारी कोंबडी हाताळल्यावर आठ-दहा दिवसांत ताप, खोकला, धाप लागली तर सरकारी दवाखान्यात जा आणि कोंबडीचे नक्की सांगा. त्यावरून डॉक्टरांना तपासाची दिशा मिळते.

एक कोंबडी गेली तर पुन्हा पाळता येते. घरातली बाई आजारी पडली तर सारे घर बसते.