पायांतून वर चढणारा लकवा: जीबीएसविषयीचे गैरसमज

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलियन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले आणि बघता बघता संशयितांचा आकडा दोनशेवर गेला. साथ ओसरली, गैरसमज मात्र मुक्कामाला राहिले.

‘हा कोरोनासारखा नवा विषाणू आहे, रुग्णाजवळ गेलं की लागतो.’ जीबीएसचं वर्णन १९१६ सालीच झालेलं आहे आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बहुतेकदा आधी जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन जातो. त्या जंतूशी लढायला सज्ज झालेली प्रतिकारशक्ती मग काही दिवसांनी चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. दूषित पाण्यातून जुलाबाचा जंतू पसरतो, लकवा नव्हे. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू सापडला होता. त्याची लागण झालेल्यांपैकी साधारण हजारात एखाद्यालाच जीबीएस होतो.

तेव्हा चिकनवरही संक्रांत आली होती. हा जिवाणू कच्च्या, अर्धवट शिजलेल्या कोंबडीत असू शकतो. पण चांगला रटरटलेल्या रश्श्याला घाबरायचं कारण नाही.

‘लकवा म्हणजे मेंदूतली रक्ताची गाठ.’ अर्धांगवायूत बहुतेकदा तसं असतं: काही मिनिटांत एक बाजू लुळी पडते, तोंड वाकडं होतं. तिथे साडेचार तासांच्या आत उपचार सुरू व्हावे लागतात. जीबीएसमध्ये मेंदू शाबूत असतो. आधी दोन्ही पायांना मुंग्या येतात, चालताना चप्पल निसटते, जिना चढताना गुडघे दुमडतात, खाली बसलेल्या माणसाला हात टेकल्याशिवाय उठता येत नाही. मग हाच अशक्तपणा काही दिवसांत हातांकडे, चेहऱ्याकडे चढतो.

‘वारं गेलंय, तेल चोळा, शेक द्या, आठवडाभर बघू.’ सगळ्यात महागात पडणारा समज हा. (काही जण कबुतराचं रक्तही चोळतात. त्याने फक्त कबुतर जातं.) त्या आठवडाभरात अशक्तपणा श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोचू शकतो, साधारण पाचातल्या एका रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो. डॉक्टर खाटेपाशी उभं राहून रुग्णाला एका श्वासात वीसपर्यंत मोजायला सांगतात. सकाळी वीस म्हणणारा संध्याकाळी दहावर अडखळला, तर अतिदक्षता विभागात हलवणं लांबवण्यात अर्थ नसतो.

स्टिरॉइडचा यात फायदा होत नाही, हे अनेकांना पटत नाही. गुण येतो तो दोन उपायांनी: सलग पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, किंवा प्लाझ्मा बदलणं. दोन्ही सारखेच परिणामकारक आहेत. एकापाठोपाठ एक दोन्ही केल्याने जास्त फायदा होत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेले उत्तम. मात्र हे उपाय हल्ला थोपवतात, इजा झालेली नस भरून काढत नाहीत. नस सावरायला महिने लागतात आणि त्या काळात फिजिओथेरपीला पर्याय नाही. ‘एवढी महागडी इंजेक्शनं देऊनही उठून बसत नाही’ म्हणून पाचव्या दिवशी रुग्णाला घरी नेणारे नातेवाईक इथेच चुकतात.

‘आता जन्मभर अंथरूण’ हेही खरं नाही. बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात. काहींना थकवा किंवा पायांत कमजोरी राहते, काही थोडे दगावतातही.

जुलाबानंतर पंधरा-वीस दिवसांत दोन्ही पायांतलं बळ जातंय असं वाटलं, तर सकाळची वाट न पाहता व्हेंटिलेटरची सोय असलेलं रुग्णालय गाठा, आणि आधी जुलाब झाले होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.