बंदूक दवाखान्याबाहेरच: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात नांदेडसह हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि तेलंगणातूनही रुग्ण येतात. अपघात विभागात रुग्णाभोवती नातेवाइकांची गर्दी असते, जीव टांगणीला लागलेला असतो. अशा ठिकाणी कुणी कमरेला पिस्तूल लावून आला तर? कायदा याबाबत बराच स्पष्ट आहे, पण गैरसमज त्याहून जास्त पसरले आहेत.

गैरसमज 1: परवाना असला की शस्त्र कुठेही नेता येते.
वस्तुस्थिती: शस्त्र अधिनियम, 1959 खाली मिळणारा परवाना अटींसह येतो. शस्त्र नियम, 2016 नुसार सार्वजनिक जागी बंदूक पूर्ण झाकलेली आणि स्वतःच्या ताब्यात हवी. ती दाखवत फिरण्यास मनाई आहे. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शिक्षणसंस्थेचे आवार येथे जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. वैद्यकीय महाविद्यालय ही शिक्षणसंस्थाच आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. खासगी दवाखान्यांचा या अटीत वेगळा उल्लेख नाही. म्हणून त्यांनी स्वतःचा नियम करून दारावर ठळक फलक लावायला हवा. याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात, ते वेगळेच.

गैरसमज 2: पिस्तूल खिशात गुपचूप असले तर कुणालाच धोका नाही.
वस्तुस्थिती: एमआरआय यंत्राचे चुंबक तपासणी चालू नसतानाही काम करत असते. 2023 मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत आईसोबत एमआरआय कक्षात गेलेल्या एका वकिलाचे पिस्तूल चुंबकाने ओढले, गोळी सुटली आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. धातूची वस्तू बाहेर ठेवा, असे तंत्रज्ञ सांगतात तेव्हा शस्त्राची माहिती लपवणे जिवावर बेतू शकते.

गैरसमज 3: डॉक्टरांना बंदुका दिल्या की हल्ले थांबतील.
वस्तुस्थिती: 12 सप्टेंबर 1992 रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टोळीच्या मारेकऱ्यांनी वॉर्डात घुसून गोळीबार केला. पहारा असूनही हल्ला थांबला नाही; पहाऱ्यावरचे दोन पोलीसही त्यात मारले गेले. डॉक्टरांवरचे रोजचे हल्ले मात्र वेगळे असतात. संतापलेले नातेवाईक हाताला येईल ते उचलून मारतात. त्या झटापटीत बंदूक आली तर मारहाणीचे रूपांतर खुनात व्हायला क्षण पुरतो. यावर कायद्याचा आधार आहेच: महाराष्ट्राच्या 2010 च्या कायद्याने डॉक्टर, परिचारिका व दवाखान्यांवरील हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड आणि नुकसानीची दुप्पट भरपाई. गरज आहे ती या कायद्याच्या कडक अंमलबजावणीची, पुरेशा सुरक्षारक्षकांची आणि नातेवाइकांशी वेळेवर बोलणाऱ्या माणसांची.

गैरसमज 4: गोळी लागलेल्याला पोलीस येईपर्यंत डॉक्टर हात लावत नाहीत.
वस्तुस्थिती: सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात ठणकावून सांगितले की जीव वाचवणे आधी, कागदपत्रे नंतर. डॉक्टर उपचार सुरू करतात आणि सोबतच 'एमएलसी' (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण) नोंदवून पोलिसांना कळवतात. नातेवाइकांनी जखमीचे कपडे धुऊ नयेत, फेकू नयेत. तो पुरावा असतो.

गैरसमज 5: शस्त्रबंदी म्हणजे कृपाणही दाराबाहेर.
वस्तुस्थिती: हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या नांदेडात हा प्रश्न नाजूक आहे. शीख बांधवांना कृपाण धारण करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 ने दिला आहे. बंदुकीच्या नियमाशी त्याची गल्लत नको. एमआरआय किंवा शस्त्रक्रियेपूर्वी धातू दूर ठेवावा लागतो, तो वैद्यकीय कारणासाठी. तेव्हा रुग्णाशी बोलून, त्याच्या घरच्यांच्या हाती कृपाण आदराने सोपवावे.

परवानाधारकांना कळकळीची विनंती: रुग्णाला भेटायला निघताना शस्त्र घरी कुलपात ठेवा, गाडीतही नको. दवाखान्यात आलेला प्रत्येक माणूस आधीच कुठल्या ना कुठल्या भीतीत असतो. त्या भीतीत भर न घालणे ही आपली जबाबदारी आहे.