राखेचं सिमेंट

‘सिमेंटमध्ये राख म्हणजे भेसळच,’ असं माधवनगरात घर बांधणारे मला सांगतात. पण ही चुलीतली राख नव्हे. औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातून पकडलेली अतिबारीक राख. सिमेंट पाण्यात भिजलं की चुना सुटतो. राखेतली सिलिका त्याच्याशी संयोग पावते, नवा बंध तयार होतो, छिद्रं बुजतात. गोल कणांमुळे पाणीही कमी लागतं. म्हणूनच एम ६० सारख्या उच्च ताकदीच्या काँक्रीटमध्येही ती वापरतात. घाटघर प्रकल्पाच्या धरणांत तर सिमेंटपेक्षा राखच जास्त आहे. मात्र ही ताकद सावकाश येते. साध्या सिमेंटच्या स्लॅबला ७ दिवस पाणी पुरतं. पीपीसीच्या स्लॅबला किमान १० दिवस द्या, कोरड्या उन्हाळ्यात १४. पाणी आधीच तोडलं, तर दोष राखेला देऊ नका.