खाऱ्या पाण्यातील तेलखाऊ जीवाणू आणि सफाईचा धंदा

कुवेतच्या कमाईवर रत्नागिरी-रायगड जिल्ह्यांतील किती घरे उभी राहिली, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्याच कुवेतच्या किनाऱ्यावर जानेवारी १९९१ मध्ये इराकी फौजांनी लाखो बॅरल कच्चे तेल समुद्रात सोडले. ६०० हून अधिक तेलविहिरी पेटवण्यात आल्या. त्यांतील शेवटची ६ नोव्हेंबर १९९१ रोजी आटोक्यात आली. समुद्रातले तेल दक्षिणेकडे वाहत गेले आणि सौदी अरबस्तानचा सुमारे ७०० किलोमीटर किनारा काळाठिक्कर पडला.

हे नुकसान भरून येणार कसे, या चिंतेत सारे असताना कुदरतीने आपले काम सुरूही केले होते. किनाऱ्यावरील तेलाच्या थरावर निळ्या-हिरव्या शेवाळासारखी चादर पसरलेली कुवेत विद्यापीठाच्या संशोधकांना दिसली. त्या चादरीच्या चिकट थरात तेल खाणारे जीवाणू नांदत होते. हे निरीक्षण १९९२ मध्ये ‘नेचर’ या प्रसिद्ध विज्ञान-नियतकालिकात छापून आले.

मिठाची अडचण

लोणच्यात मीठ का घालतात? मीठ जीवाणूंच्या अंगातील पाणी ओढून घेते, म्हणून लोणचे टिकते. आमच्या कापडधंद्यातही हा अनुभव येतो. सुती कापडाच्या रंगाईत मीठ भरपूर लागते. ते सांडपाण्यात उतरले की सफाईच्या टाकीतील साधे जीवाणू सुस्त पडतात.

समुद्रातील जीवाणूंची गोष्ट वेगळी. ते आपल्या पेशीत विशिष्ट द्रव्ये साठवून पाणी धरून ठेवतात. साध्या समुद्रात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. आखाताच्या पाण्यात ते ४० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असतात, तरी तेथील जीवाणू काम करतात. उत्तर समुद्रात सापडलेल्या आणि १९९८ मध्ये नाव मिळालेल्या ‘अल्कॅनिवोरॅक्स’ या जीवाणूचे तर मुख्य अन्नच तेलातील घटक आहेत, आणि त्याला वाढायला मीठ लागतेच.

मजुराला मजुरी हवी

मात्र हे जीवाणू म्हणजे जादूची कांडी नव्हे. तेलात कार्बन आणि हायड्रोजन भरपूर असतात, पण नत्र आणि स्फुरद नाममात्रच. ते बाहेरून मिळाले नाहीत तर काम रेंगाळते. मार्च १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन व्हॅल्डेझ’ जहाजाचे तेल सांडले, तेव्हा किनाऱ्यावर चक्क खत टाकले गेले आणि तेथील मूळच्या जीवाणूंनी वेग घेतला. बाजारात विकायला आलेले तयार जीवाणूही तेथे वापरून पाहिले. त्यांचा वेगळा असा फायदा दिसून आला नाही.

दुसरी गरज हवेची. सौदी किनाऱ्यावर खेकड्यांच्या बिळांतून खोल उतरलेले तेल दहा वर्षांनंतरही तसेच होते, कारण तेथे प्राणवायू पोहोचत नव्हता. शिवाय तेलातील डांबरासारखा जड भाग जीवाणू सहसा सोडून देतात.

धंद्याचा हिशेब

संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाने इराकच्या तेल-उत्पन्नातून एकूण ५२.४ अब्ज डॉलर वाटले. शेवटचा हप्ता २०२२ मध्ये चुकता झाला. त्यातील काही रक्कम जमीन आणि किनारा सुधारण्यासाठी होती. विहिरींची आग विझवायला समुद्राचे पाणी वापरले गेले, त्यामुळे कुवेतची वाळू तेलकट झाली तशीच खारटही झाली. तेथे मीठ सोसणारेच जीवाणू उपयोगाचे.

आपल्याकडे ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली आणि तेल किनाऱ्यांवर व खारफुटीत शिरले. त्या सफाईत ‘टेरी’ या भारतीय संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ वापरण्यात आले. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुकटीत जीवाणू मिसळून हा माल तयार होतो.

उलट आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या प्रयोगशाळेत घडवलेल्या जीवाणूला १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पेटंटचा हक्क मान्य केला. जगभर गाजावाजा झाला, पण तो जीवाणू प्रत्यक्ष तेलगळतीवर कधी सोडला गेला नाही. म्हणजे पेटंटचा शिक्का वेगळा आणि मालाची पारख वेगळी.

तेव्हा कोणी जीवाणूंचे पोते घेऊन दारात आला तर चार प्रश्न जरूर विचारावेत. किती मिठात चाचणी घेतली? हवा आणि खत यांची सोय काय? काहीही न टाकलेल्या शेजारच्या पट्ट्याशी तुलना केली का? आधीचे आणि नंतरचे तेल मोजणार कोण? उत्तर कागदावर मिळाल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आपल्या होतकरू मुलांनी सूक्ष्मजीवशास्त्र शिकून ही मोजणी हाती घेतली, तर बंदरे, तेलकंपन्या आणि रंगाईचे कारखाने यांना त्यांची गरज पडेल. खरा नफा पोत्यात नसून या इल्ममध्ये आहे.

समुद्र ही अल्लाहची अमानत आहे. तो साफ करणारे मजूर त्याने आधीच नेमून ठेवले आहेत. त्यांच्या कामात अडथळा न आणणे, आणि मुळात तेल सांडू न देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.