इंजेक्शन आधी, ऑपरेशन मग!

दोस्तांनो, एक कोडं सोडवा पाहू! पोलादपूरचा एक मुलगा आंब्यावरून पडला. पाय मोडला. ऑपरेशन करून आत सळी बसवायची आहे. जखम पिकू नये म्हणून अँटिबायोटिकचं इंजेक्शन कधी द्याल?

"ऑपरेशन झाल्यावर!" चुकलात! बरोबर उत्तर : ऑपरेशनच्या आधी.

आपल्या कातडीवर असंख्य जंतू सुखाने नांदत असतात. कातडीला चीर पडली, की ते आत शिरतात. रायगडाच्या मुलुखातल्या तुम्हांला काय सांगायचं? शत्रू गडावर चढून आल्यावर पहारा बसवून उपयोग काय? औषध रक्तात आधीच हजर हवं.

पूर्वी हाड कातडीतून बाहेर आलं, तर जखम सडायची आणि बहुधा पायच कापावा लागायचा. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोमध्ये जेम्स ग्रीनलीज नावाच्या ११ वर्षांच्या मुलाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं. डॉ. जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या पट्ट्या बांधल्या. जखम सडली नाही, पाय वाचला!

१९२८ मध्ये फ्लेमिंगना पेनिसिलिन सापडलं. आपल्या पिंपरीतही १९५५ पासून ते तयार होऊ लागलं. पण ते द्यायचं कधी? १९६१ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. जॉन बर्क यांनी गिनिपिगांवर प्रयोग केले. जंतू शिरण्याआधी औषध दिलं, तेव्हा सर्वांत चांगला गुण आला. तीन तास उशीर झाला, तर जवळजवळ काहीच नाही! म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की गरज असेल त्या ऑपरेशनमध्ये चीर देण्यापूर्वीच्या दोन तासांत औषध द्यावं.

आता आईबाबांसाठी. "डॉक्टर, आणखी चार दिवस गोळ्या द्या ना!" असा आग्रह धरू नका. ऑपरेशन नीट पार पडलं, तर केवळ खबरदारी म्हणून औषध लांबवू नये, असंही हीच संघटना सांगते. उगाच घेतलेल्या औषधाने साधे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. मग खरी गरज पडते, तेव्हा औषध लागूच पडत नाही. फ्लेमिंगनी हा इशारा १९४५ सालीच दिला होता.

मात्र घरी आल्यावर जखम लाल झाली, सुजली, पू आला किंवा ताप चढला, तर वाडी कितीही लांब असो, लगेच दवाखाना गाठा. तेव्हा दिलेलं औषध हा उपचार असतो. तो डॉक्टर सांगतील तितके दिवस पुरा करायचा. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या मात्र नकोत!

आणि जखमेला हात लावण्याआधी काय करायचं? साबणाने हात धुवायचे. हे तर तुम्हीही करू शकता, हो ना?