सामान्य माणसाने तज्ज्ञाला काय विचारावे?



विज्ञानावरचे व्याख्यान संपते, अध्यक्ष 'कोणाला काही शंका?' असे विचारतात, आणि सभागृहात एकदम शांतता पसरते. ही शांतता आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. शंका नसतात असे नाही. व्याख्याता जिना उतरू लागला की त्याच शंका त्याच्या पाठोपाठ येतात. आपले अज्ञान उघडे पडेल ही एक भीती, आणि शोधनिबंध हा तज्ज्ञांनी तज्ज्ञांसाठी लिहिलेला, त्यात आपण कशाला तोंड घालावे, हा दुसरा संकोच. सोने घेताना मात्र असा संकोच आपल्याला होत नाही. धातुशास्त्र आपल्यापैकी किती जणांना येते? तरीही सराफाला आपण बेधडक म्हणतो की, कस लावून दाखवा, पुन्हा तोलून दाखवा. भौतिकशास्त्रातल्या शोधनिबंधालाही असे चार साधे प्रश्न विचारता येतात. ते कोणते, हे एका घडलेल्या हकीकतीवरून सांगतो.

जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेतून न्यूट्रिनो नावाच्या कणांचा झोत जमिनीखालून इटलीतल्या ग्रान सासो पर्वताच्या पोटातील प्रयोगशाळेकडे सोडला जात असे. अंतर सुमारे ७३० किलोमीटर. वाटेत बोगदा नाही की नळी नाही. न्यूट्रिनो इतका अलिप्त की खडकातूनही तो सहसा कशाला न अडखळता पार होतो. हा कण आपल्याला अगदीच परका नाही. वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंच्या ज्या पहिल्या नोंदी १९६५ साली झाल्या, त्यांपैकी एक कोलारच्या सोन्याच्या खाणीत झाली, आणि तीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ होते. असो. २३ सप्टेंबर २०११ रोजी ग्रान सासो येथील 'ओपेरा' प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की, हे कण प्रकाशाला जेवढा वेळ लागला असता त्याहून ६० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ६० अब्जांश, आधी पोहोचत आहेत. प्रकाशाहून वेगाने काही जात नाही, या आइन्स्टाइनच्या १९०५ सालच्या सिद्धांताला हा थेट धक्का होता. जगभर खळबळ उडाली.

अशा वेळी आपला पहिला प्रश्न असावा : नेमके मोजले काय? वेग कोणी मोजला नव्हता. अंतर मोजले होते आणि वेळ मोजली होती. वेग भागाकाराने काढला होता. अंतराची मोजणी २० सेंटिमीटरपर्यंत बिनचूक असल्याचे निबंधात म्हटले होते. उलट ६० नॅनोसेकंदांत प्रकाश १८ मीटर जातो. तेव्हा अंतरात १८ मीटरची चूक संभवत नसेल, तर सारी भिस्त राहिली ती दोन देशांतल्या दोन घड्याळांच्या मेळावर. हा एक प्रश्न विचारणारा माणूस, त्याला गणित येवो न येवो, रोगाच्या जागेपर्यंत येऊन पोहोचतो.

दुसरा प्रश्न : चूक किती असू शकेल, आणि कोणत्या जातीची? निबंधात ६०.७ या आकड्यापुढे अधिक-उणे चिन्हासह आणखी दोन आकडे होते : ६.९ आणि ७.४. वृत्तपत्रे बहुधा हे गाळतात. वाचण्यासारखे असतात ते हेच. पहिला आकडा योगायोगाने होणाऱ्या चुकीचा. कापड मोजताना हात कधी ताणला जातो, कधी सैल पडतो. शंभरदा मोजून सरासरी काढली की ही चूक विरत जाते. 'ओपेरा'ने सुमारे १६ हजार न्यूट्रिनोंच्या नोंदी घेतल्या होत्या, त्यामुळे ही बाजू भक्कम होती. दुसरा आकडा साधनातल्या दोषाचा अंदाज. गजच बोटभर आखूड असेल, तर हजारदा मोजूनही ती चूक कमी होत नाही. ती प्रत्येक मोजणीत तितकीच राहते. आणि हा अंदाज माहीत असलेल्या दोषांपुरताच असतो. जो दोष कोणाच्या ध्यानातच आलेला नाही, तो अधिक-उणे चिन्हामागे कसा यावा?

तिसरा प्रश्न : हे खरे असेल, तर आणखी काय खरे असायला हवे? १९८७ साली सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षे दूर असलेला एक तारा फुटताना दिसला. त्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवर प्रकाशाच्या साधारण तीन तास आधी पोहोचले होते, आणि तेही प्रकाशाला ताऱ्याच्या आवरणातून बाहेर पडायला वेळ लागला म्हणून. 'ओपेरा'च्या हिशेबाने पाहिले तर ते चार वर्षे आधी यायला हवे होते! मात्र प्रामाणिक तज्ज्ञ येथे लगेच सांगेल की, त्या न्यूट्रिनोंची ऊर्जा फार कमी होती. तेव्हा एवढ्या पुराव्यावर निकाल देता येत नाही. आपल्या बाजूच्या पुराव्याचीही मर्यादा जो न विचारता सांगतो, तो तज्ज्ञ विश्वासाला पात्र समजावा.

चौथा प्रश्न : दुसऱ्या कोणी, दुसऱ्या गजाने मोजले काय? नोव्हेंबर २०११ मध्ये 'ओपेरा'ने झोत अधिक आखूड करून पुन्हा मोजणी केली. उत्तर तेच आले. पुष्कळांना ती खात्री वाटली. पण गज जुनाच होता. पुढे त्याच पर्वतातल्या 'इकारस' या वेगळ्या प्रयोगाने मार्च २०१२ मध्ये आपला निकाल दिला. त्यांच्याजवळ अवघे सात न्यूट्रिनो होते. पण ते सातही प्रकाशाच्या वेगाशी जुळत होते. सोळा हजारांवर सात भारी पडले ते असे.

तोवर दोषही उघड झाला होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये 'ओपेरा'च्याच लोकांनी सांगितले की, जमिनीवरून भुयारातल्या घड्याळापर्यंत वेळेचा संकेत नेणाऱ्या काचतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. पूर्वी गावात नगरपालिकेचा भोंगा ऐकून लोक घड्याळे लावीत. भोंगा उशिरा ऐकू आला तर घरचे घड्याळ तेवढे मागे लागते, आणि पाचाच्या ठोक्याला आलेला पाहुणा पाचाच्या आधीच आला असे वाटते. येथे तेच झाले होते. घड्याळात विरुद्ध दिशेचा आणखी एक लहान दोष निघाला. दोन्ही दुरुस्त करताच ते ६० नॅनोसेकंद नाहीसे झाले. मार्चअखेर प्रयोगाच्या दोघा प्रमुखांनी पदे सोडली.

हे ऐकून कोणी म्हणेल, 'तज्ज्ञही असे चुकतात, मग त्यांचे ऐकावे तरी कशाला?' हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर या हकीकतीतच आहे. त्या निबंधात आइन्स्टाइन चुकला असे कोठेही लिहिलेले नव्हते. निकालाचा सैद्धांतिक अर्थ लावण्याचे लेखकांनी मुद्दाम टाळले होते. प्रयोगातल्या काही सहकाऱ्यांनी निबंधावर आपली नावे घालू दिली नव्हती. लेखकांचे जगाला एवढेच सांगणे होते की, आम्ही शोधून थकलो, आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही पाहा. आणि अखेर चूक त्यांनीच शोधली व त्यांनीच जाहीर केली. १९९१ पासून चालत असलेल्या 'आर्काइव्ह' या शोधनिबंधांच्या खुल्या संग्रहात तो निबंध आजही कोणालाही फुकट वाचता येतो. सुधारलेली आवृत्ती तेथे आहेच. पण तिच्यामागे जुनी, चुकलेली आवृत्तीही कोणी पुसून न टाकता ठेवली आहे.

भोंदू आणि तज्ज्ञ यांतला फरक ओळखायला पदवी लागत नाही. हे चार प्रश्न विचारले की भोंदू चिडतो, आणि तज्ज्ञ खुर्ची पुढे ओढून उत्तर देऊ लागतो. तेव्हा आज अध्यक्षांनी शंका विचारल्या, तर जिन्यापर्यंत थांबू नका.